खिशातले तारघर

तार आली की घर आधी रडत असे आणि मग ती वाचली जात असे. आमच्या पिढीतील सुरतवासी मराठी माणसास हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. खानदेशातून पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या आपल्या कुटुंबांत खुशाली पोस्टकार्डाने येई, पैसा मनिऑर्डरने जाई, आणि तार मात्र एकाच कारणासाठी येते अशी सर्वांची समजूत होती. तारवाल्याची सायकल गल्लीच्या तोंडाशी दिसली की शेजारच्या बाया हातातले काम टाकून उंबऱ्यात येत. तार बहुधा इंग्रजीत असे. ती वाचून दाखवणारा शिकलेला मनुष्य गल्लीत ठरलेला असे. तो वाचेपर्यंत चारपाच घरे तेथे जमलेली असत. दुःख असेल तर ते वाटून घेतले जाई, आणि कुणाच्या नोकरीचा हुकूम निघाला तर हसू होई.

आज ती तार, ती मनिऑर्डर, ट्रंक कॉल आणि बँकेची खिडकी हे सारे एका तळहाताएवढ्या यंत्रात येऊन बसले आहे. हे यंत्र कसे वापरावे, त्याची निगा कशी राखावी याविषयी उपदेशाला तोटा नाही. नातवंडे सांगतात, दुकानदार सांगतो, खुद्द फोनही मधूनमधून सांगतो. तरीही आमच्या वयाची माणसे त्याच त्या चुका करतात. याचे कारण शोधू लागल्यावर आम्हांस असे वाटू लागले, की या चुकांचे मूळ इतिहासात आहे. जुन्या साधनांनी आपल्याला ज्या सवयी लावल्या, त्या घेऊन आपण नव्या साधनाकडे आलो. आणि जुन्या साधनांबरोबर जी माणसे आपली राखण करीत होती, ती मागे राहिली. त्या दोन्ही गोष्टींचा हा थोडक्यात आढावा.

साक्षीदारांचा काळ

भारतात विजेच्या तारेची सेवा १८५५ साली सर्वसामान्यांस खुली झाली आणि जुलै २०१३ मध्ये ती कायमची थांबली. टपाल खात्याची मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली. पुढे १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे झाली, आणि अमळनेर-नंदुरबारकडचा मनुष्य सुरतेच्या जवळ आला. आगगाडीने माणूस इकडे आणला आणि मनिऑर्डरने त्याची कमाई तिकडे नेली, असे आपल्या वसाहतींच्या इतिहासाबद्दल म्हणता येईल.

या मनिऑर्डरीत एक बारकावा होता. गावी पैसे घेणारी आई निरक्षर असली तर पोस्टमन तिचा अंगठा घेई आणि शेजारच्या साक्षर माणसाची साक्षीदार म्हणून सही घेई. मुलाने किती पाठवले हे त्यामुळे चारचौघांत कळे आणि त्याचा संकोचही वाटे. पण ज्याचे पैसे त्याच्याच हाती पडले, याची खात्री त्या एका सहीने होत असे.

टेलिफोनचेही असेच. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील टेलिफोन केंद्रे २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाली. पण मध्यमवर्गीय घरात फोन यायला त्यानंतर शंभर वर्षे लागली. नाव नोंदवल्यावर कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. मग ज्याच्या घरी फोन, त्याचा क्रमांक साऱ्या गल्लीचा. लग्नपत्रिकेवर आणि दुकानाच्या कार्डावर क्रमांकाच्या मागे 'पी.पी.' ही दोन अक्षरे छापलेली असत. त्यांचा अर्थ इतकाच, की हा फोन शेजाऱ्याचा आहे, आम्हांला बोलावून घ्यावे. शेजारचा पोरगा धावत येऊन सांगे, "काका, धुळ्याहून फोन आहे." आपण चपला न घालताच पळत असू. बोलणे त्या घरातल्या सर्वांसमोर होई. कोण बोलले, काय बोलले आणि फोन ठेवल्यावर आपला चेहरा कसा झाला, हे सर्व शेजाऱ्याला ठाऊक असे.

ट्रंक कॉल तर ऑपरेटरच्या हातूनच जाई. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार. दर वाढत्या श्रेणीचे. आकारणी तीन मिनिटांच्या हिशेबाने. सरकारी कार्यालयांत फोनच्या तबकडीला छोटे कुलूप लावलेले असे आणि बाहेरगावी केलेल्या प्रत्येक कॉलची नोंद रजिस्टरात करावी लागे. आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत असताना त्या रजिस्टरावर पुष्कळ सह्या केल्या आणि मनातून पुष्कळदा कुरकुरलोही. त्या कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे आहे, यात आपली केवढी सोय होती हे फार उशिरा कळले.

१९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान ऑपरेटरशिवाय थेट बाहेरगावी बोलण्याची सोय, म्हणजे एस.टी.डी., देशात प्रथम झाली. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, देशी बनावटीची केंद्रे आली आणि त्या दशकाच्या अखेरीपासून पिवळ्या पाट्यांचे बूथ गावोगाव दिसू लागले. रात्री अकरानंतर पाव दर लागे. उधना आणि सचीन यांच्यामधले आपले भेस्तान स्टेशन तेव्हा आजच्या मानाने शांत होते. पण पाळी सुटल्यावर बूथसमोर रांग लागे आणि अकरा वाजायची वाट पाहिली जाई. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी होऊ लागली, तेव्हाची ती रांग आम्हांस विसरता येत नाही. ज्यांना गाडीत जागा मिळाली नव्हती ते बूथवर उभे राहून "आम्ही बरे आहोत" एवढे चार शब्द गावी पोहोचवत होते. ज्याच्याकडे सुटे पैसे नसत त्याला बूथवाला म्हणे, "नंतर द्या." तोही एक साक्षीदारच.

मोबाइल येतो

हातात धरून चालता-बोलता येईल अशा फोनवरून पहिला कॉल मार्टिन कूपर या अभियंत्याने ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कमध्ये केला. त्यातून तयार झालेला मोटोरोलाचा फोन १९८३ साली बाजारात आला. तो सुमारे दहा तास चार्ज करावा तेव्हा अर्धा तास बोलता येई. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले आणि दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांनी ऐकले. सुरुवातीच्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडे आणि आलेला फोन उचलला तरी पैसे द्यावे लागत. म्हणून मिस्ड कॉलची खास भारतीय भाषा जन्मास आली. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये.

२००३ च्या मे महिन्यापासून येणारा कॉल विनामूल्य झाला, आणि त्याच वर्षी पाचशे एक रुपये भरून फोन हाती देणारी योजना निघाली. त्यानंतर पाहता पाहता यंत्रमागाच्या कारखान्यात, म्हणजे सुरतेत ज्याला 'खाते' म्हणतात तेथे, प्रत्येक कारागिराच्या खिशात फोन आला. पी.पी. ही अक्षरे पत्रिकांवरून नाहीशी झाली. शेजारचा पोरगा धावत येईनासा झाला. ही मोठी सोय होती आणि तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पण ऑपरेटर, लाइनमन, पोस्टमास्तर आणि खजिनदार या चौघांचा पदभार त्या दिवशी आपल्याकडे आला. सरकारी नोकरीत पदभार घेताना यादी करून, वस्तू मोजून, सही करून घेण्याची रीत आहे. हा पदभार मात्र आपण यादी न वाचताच घेतला.

लाइनमनचे काम

पहिले काम यंत्राच्या निगेचे. येथे जुन्या सवयी कशा आड येतात, याचे उत्तम उदाहरण बॅटरी हे आहे. सुरुवातीच्या मोबाइलमध्ये निकेलच्या बॅटऱ्या असत. निकेल-कॅडमियमची बॅटरी अर्धवट रिकामी असताना वारंवार भरली तर तिची धारणशक्ती कमी झाल्यासारखी होई. म्हणून "पूर्ण संपू द्या, मग पूर्ण भरा" हा सल्ला त्या काळी रास्त होता. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे सर्व मोबाइल त्याच बॅटरीवर चालू लागले. या बॅटरीच्या शोधाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिचा स्वभाव अगदी उलट आहे. तिला पूर्ण रिकामे होणे सोसत नाही, काठोकाठ भरून तासन्‌तास राहणेही मानवत नाही, आणि उष्णता हा तिचा सर्वांत मोठा शत्रू आहे. साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती ठेवली तर अधिक वर्षे टिकते. तरीही आमचे अनेक समवयस्क आजसुद्धा फोन मुद्दाम मरेपर्यंत वापरतात आणि मग रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावतात. सल्ला देणारी बॅटरी गेली, सल्ला राहिला.

उशीखाली किंवा गादीवर चार्जिंग करणे तर विशेष टाळावे. फोन भरला की आतील व्यवस्था विजेचा ओघ आपोआप थांबवते, हे खरे. पण कापसात गुंडाळलेल्या यंत्राची उष्णता बाहेर जाणार कुठून? पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात, किंवा स्कूटरच्या डिकीत भर दुपारी ठेवलेल्या फोनचेही तेच. चार्जर घेताना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी-खूण पाहावी. पन्नास रुपये वाचवून घेतलेला चार्जर फोनचे आणि घराचेही नुकसान करू शकतो.

कारखान्यातली आर्द्रता, धूळ आणि धाग्यांचे बारीक तंतू यांचा एक निराळाच उपद्रव आहे. खिशातून ते चार्जिंगच्या छिद्रात जाऊन दबून बसतात, पिन नीट बसत नाही, आणि मग माणूस ती जोराने दाबतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने ते काढावेत. धातूची टाचणी कधीही घालू नये.

बॅटरी फुगली, फोनची पाठ उचलल्यासारखी दिसली, तर आत वायू साचला आहे असे समजावे. तो फोन लगेच बंद करावा, चार्ज करू नये, दाबून बसवू नये, टोचू तर मुळीच नये. दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराकडे न्यावा. जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

काही वेळा दोष आपला नसतो, हेही इतिहास सांगतो. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियाने बीएल-५सी या जातीच्या चार कोटी साठ लाख बॅटऱ्यांबाबत जाहीर सूचना काढली, कारण त्यांपैकी काही चार्जिंगच्या वेळी अति तापत होत्या. आपल्याकडे लोक घराघरांत पाठी उघडून क्रमांक ताडून पाहत होते. २०१६ साली सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा फोन परत मागवावा लागला. बदलून दिलेले फोनही पेटू लागले, तेव्हा त्याचे उत्पादनच बंद झाले. अशा सूचना वर्तमानपत्रात आल्या तर त्या वाचून आपला क्रमांक ताडणे, हाही निगेचाच भाग होय.

आणि पाणी. ७ ऑगस्ट २००६ रोजी उकाईतून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. वीज गेली. पहिल्या दिवशी आम्ही सगळेच मोबाइलवर एकमेकांना पाण्याची उंची सांगत बसलो. दुसऱ्या दिवशी गावी खुशाली कळवायची वेळ आली तेव्हा आमच्या फोनमध्ये जीव उरला नव्हता. तिकडे आमच्या थोरल्या बहिणीने दोन रात्री जागून काढल्या. त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडी फोन भरलेला ठेवणे, संकटात तो बोलण्याऐवजी छोट्या संदेशांसाठी वापरणे आणि चार महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहून ठेवणे, हा आमचा नेम झाला. भिजलेला फोन ताबडतोब बंद करावा, सिमकार्ड काढावे, पुसून हवेशीर जागी ठेवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नये. तो तांदळाच्या डब्यात खुपसण्याचा घरगुती उपाय सोडून द्यावा. तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करतात, असे ॲपल कंपनीनेही २०२४ साली आपल्या ग्राहकांस सांगितले आहे.

खजिनदाराचे काम

आता खरी जोखीम. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. त्यानंतर फोन ही आपली तिजोरी झाली. तिच्या किल्ल्या दोन, पिन आणि ओटीपी. पैसे देण्यासाठी पिन लागतो. पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. "तुमचे पैसे जमा करतो, पिन टाका," असे कोणी म्हटले की तो चोर समजावा. आपल्या फोनचा पडदा दुसऱ्याला दूरवरून दिसेल असे कोणतेही ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घेऊ नये.

परंतु हे सारे नियम ठाऊक असलेला मनुष्यही फसतो. आमच्याच इमारतीतले एक वयस्क गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, त्यांना काही काळापूर्वी एक व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेशातला माणूस, मागे कचेरी. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हांला अटक झाली आहे, चौकशी संपेपर्यंत फोन बंद करायचा नाही आणि घरात कुणाला सांगायचे नाही. आबा दार लावून बसले. वहिनींनी दोनदा दार ठोठावून चहाचे विचारले. "कामात आहे," असे उत्तर आले. दुपारी ते बँकेत जायला निघाले, तेव्हा फाटकाशी आमची गाठ पडली. "बरे आहे ना, आबा?" आम्ही विचारले. "हो साहेब, जरा घाईत आहे," असे म्हणून ते गेले. त्यांच्या वरच्या खिशात फोन चालू होता आणि पलीकडचा माणूस आमचे बोलणे ऐकत होता, हे आम्हांस दोन दिवसांनी समजले. नातीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडून त्यांनी ती रक्कम सांगितलेल्या खात्यात भरली होती. शरमेने ते दोन दिवस गप्प राहिले. तक्रार केली तोवर पैसे पुढे निघून गेले होते. थोडाच भाग परत मिळाला.

कायद्यात 'डिजिटल अटक' नावाची गोष्टच नाही. खुद्द पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितले. आबांनी ते ऐकलेही होते. मग ते फसले कसे? आम्ही पुष्कळ विचार केला. त्यांना कुणी साक्षीदार नव्हता, हे आमच्या मते खरे कारण. पी.पी.च्या काळात हाच फोन शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात आला असता. घामाघूम झालेला चेहरा पाहून कुणीतरी रिसीव्हर हातातून घेऊन "कोण बोलतंय?" असे विचारलेच असते. चोराची पहिली अट "कुणाला सांगायचे नाही" ही असते, यातच सारे आले. त्याला आपला पिन नंतर लागतो. आधी त्याला आपला शेजारी दूर करावा लागतो.

आणि फसवणूक झाल्यावरही तेच. १९३० हा सरकारी मदत क्रमांक याच कामासाठी आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळण्याआधी, पहिल्या काही तासांत कळवले तर ते अडवता येण्याची शक्यता राहते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिऱ्हाइताने परवानगीवाचून केलेल्या व्यवहाराची माहिती तीन कामकाजी दिवसांत दिली तर ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. दोन्ही प्रसंगी उशीर महाग पडतो, आणि उशीर बहुधा शरमेमुळे होतो. पूर्वी तार आली की गल्ली जमे. आता वाईट बातमी खिशात येते आणि खिशातच राहते.

पदभाराची यादी

आबांच्या प्रसंगानंतर आम्ही घरातील फोन ठेवण्याच्या जागी एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक लिहिला आहे. *#०६# दाबले की तो पडद्यावर दिसतो, आणि फोन हरवला तर केंद्र सरकारच्या संचार साथी या सेवेद्वारे तो फोन बंद करवून घेण्यास उपयोगी पडतो. त्याखाली १९३० आणि पासबुकावर छापलेला बँकेचा क्रमांक. त्याखाली गावाकडचे तीन क्रमांक, २००६ ची आठवण म्हणून.

सर्वांत शेवटी आम्ही 'पी.पी.' अशी दोन अक्षरे लिहिली आणि पुढे आबांचे नाव लिहिले. पैशांविषयी, अटकेविषयी किंवा घाईविषयी कोणताही फोन आला तर तो ठेवून आधी त्यांचे दार वाजवायचे, असे आम्ही ठरवले. आबांनाही तशी विनंती केली. ते काही क्षण बोलले नाहीत. आपल्यासारख्या फसलेल्याचे नाव कशाला, असे त्यांच्या मनात असावे. "आबा, आता तुमच्याइतका जाणता साक्षीदार आम्हांला इमारतीत दुसरा कोण मिळणार?" असे आम्ही म्हटले, तेव्हा ते थोडे हसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भिंतीवरही पुठ्ठा लागला, आणि त्याच्या शेवटच्या ओळीत आमचे नाव होते.